एकच खडक, दोन कप्पे

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज पडलेला होता. कंपन्यांची उद्योगवार वर्गवारी करताना ग्रीनबुशेसच्या लिथियम खाणीत हिस्सा असलेल्या आयजीओ आणि अल्बेमार्ल या दोन कंपन्या तू ‘खाणकाम’मध्ये टाकल्यास आणि साहेबांनी अल्बेमार्ल खोडून रसायनांत नेली, कारण न सांगता. त्यांनी सांगायला हवं होतं. पण सई, खोडलं ते बरोबरच आहे.

ती खाण तुझ्या पर्थपासून जेमतेम अडीचशे किलोमीटर. १८८८ पासून तिथे कथील काढायचे, आता स्पॉड्युमीन, म्हणजे लिथियम असलेला खडक, निघतो. खडक एकच. पण आयजीओ खाणींतल्या मालावर आणि हिश्श्यांवर जगते. अल्बेमार्ल तोच खडक आपल्या कारखान्यांत भाजून, आम्लाची प्रक्रिया करून त्याचं लिथियम हायड्रॉक्साइड करते. शिवाय तिचा ब्रोमीनचा धंदा मोठा. गिऱ्हाइकाच्या हातात रसायन पडतं, म्हणून जीआयसीएसमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या जागतिक वर्गवारीत, ती विशेष रसायनांत बसते. १९९९ साली आलेल्या या पद्धतीत आधी उत्पन्न बघतात. साठ टक्के किंवा जास्त उत्पन्न ज्या धंद्यातून, तो कप्पा. नफा आणि बाजार कंपनीला काय समजतो, हे त्यानंतर.

‘बॅटरी स्टोरेज’ या शब्दाने तू गोंधळलीस, तेही याच नियमाने सुटतं. तुमच्याच राज्यातली अ‍ॅग्न्यूची सोन्याची खाण घे. पवनचक्क्या, सौर पॅनल आणि १३ मेगावॉटची बॅटरी, एवढं सगळं तिथे आहे. पण ती वीज खाणीतच खपते, विकलं जातं ते सोनं. मग तिच्या मालक कंपनीला, गोल्ड फील्ड्सला, कुणी वीज कंपनी म्हणणार नाही. आपल्या सरकारी उद्योग-वर्गवारीत, एनआयसी २००८ मध्येही, खाणकाम ०५ ते ०९, बॅटरी बनवणं २७ मध्ये आणि वीजपुरवठा ३५ मध्ये. तिन्हींची घरं वेगळी.

उद्योगांचे हे आकडे मात्र जुने होतात, त्यांच्यावर विसंबू नकोस. अल्बेमार्लची मुळं १८८७ च्या कागद कारखान्यात आहेत, आणि मोठा लिथियम धंदा हाती आला तो २०१५ मध्ये रॉकवूड घेतल्यावर. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे तिच्यापुढे उद्योगाचा आकडा अजून २८२१ आहे, म्हणजे प्लास्टिक आणि कृत्रिम राळ! आपल्याकडे रिलायन्सचा नोंदणी क्रमांक बघ: एल, मग १७११०, मग एमएच १९७३. तो १७११० सूतकताई-विणकामाचा. तेल झालं, टेलिफोन झाले, आता जामनगरला बॅटऱ्यांचं चाललंय, तरी नावापुढे सूतच.

याचा चटका मी सोसलाय. मी हिशेब बघायचे त्या कंपनीने गिरणी बंद करून शेडमध्ये गोदामं थाटली, पण नोंदणीतला आकडा बदलला नाही. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला बँकेने सूतगिरणीचाच तक्ता पुढे केला. चात्या किती, सूत किती किलो. मी एकेका रकान्यात शून्य लिहीत गेले. ‘आजारी उद्योग’ म्हणून मर्यादा निम्मी झाली आणि दोन महिने सगळ्यांचे पगार रखडले. तू तेव्हा सातवीत होतीस. सहलीचे पैसे मी भरू शकले नव्हते, आठवतं का?

म्हणून हे काम कारकुनी समजू नकोस. तुमच्याकडे लोकांचं सुपर, म्हणजे म्हातारपणची पुंजी, इंडेक्स फंडांतही असते आणि त्यातले काही फंड या कप्प्यांवर चालतात. कंपनीचं रंगीत सादरीकरण बाजूला ठेव. वार्षिक अहवालात मागे, टिपांमध्ये, विभागवार उत्पन्न असतं. खडक विकून किती, रसायन विकून किती, वीज साठवून विकून किती, ते तिथून काढ. पुढच्या खाणकाम कंपनीच्या नोंदीसोबत तो तक्ता जोडूनच साहेबांकडे दे. मग खोडलं, तर कोणता आकडा चुकला ते त्यांना दाखवावं लागेल.

पहिला तक्ता झाला की मला पाठव. शनिवारी संध्याकाळी मी मोकळी असते, दोघी मिळून बघू.

तुझी,
आई