राजगिऱ्याच्या रंगाची फटफटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात व्हिंटेज रॅलीचे फोटो बघितले, छान आलेत, पण त्यातल्या एका ट्रायम्फ स्पीड ट्विन या जुन्या इंग्लिश मोटारसायकलखाली 'कारखान्यातून निघाली तशीच' असं छापलंय ते वाचून चहाचा ठसकाच लागला. मॉडेल 1951 लिहिलंय, गाडी काळी कुळकुळीत आणि टाकीला क्रोम! अहो 1950 च्या मॉडेलपासूनच ट्रायम्फने क्रोमची टाकी बंद केली होती, अख्खी रंगवलेली टाकी आणि बाजूला चार आडव्या पट्ट्या. आणि रंग काळा नाही, अमरंथ रेड. अमरंथ म्हणजे आपला राजगिरा, लाल राजगिऱ्याचा तुरा बघितलाय ना, साधारण तसा गडद लाल. ट्रायम्फचा डिझायनर एडवर्ड टर्नर याने 1938 च्या स्पीड ट्विनला हा रंग दिला तो नुसता टाकीला नाही, फ्रेम, फोर्क, मडगार्ड सगळ्याला.

एवढं बोलतोय कारण काकांची पण 1951 चीच आहे. आरसी बुकात मात्र 1952, आणि त्यावरून घरात वर्षानुवर्षं वाद. इंजिन नंबरच्या शेवटी एनए (NA) ही अक्षरं आहेत, म्हणजे 1951 चा सीझन. तिकडे कारखान्याची उन्हाळी सुट्टी संपली की पुढच्या वर्षाचं मॉडेल सुरू व्हायचं, म्हणजे 1950 च्या सप्टेंबरात बनलेली गाडीसुद्धा 1951 ची, आणि आपल्याकडे जहाजाने येऊन विकली जाऊन पासिंग होईपर्यंत अजून एक वर्ष सरलेलं. इंग्लंडमधल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे ट्रायम्फची जुनी रजिस्टरं आहेत, कुठली गाडी कधी बाहेर पडली ते पैसे भरून विचारता येतं.

रंगाचं मात्र कागदावर भागत नाही, गाडीच उघडावी लागते. आमचीही काळीच होती. आम्ही टाकी आणि मडगार्ड पेंटरकडे दिले, त्याने न विचारता सँडब्लास्ट, म्हणजे वाळूचा मारा करून पांढरे फटक करून परत आणले, झालं, सगळा पुरावा धुळीत. हेडलाइटचं नेसेल, म्हणजे त्याच्याभोवतीचं पत्र्याचं आवरण, तेवढं वायरिंगच्या भानगडीमुळे घरी राहिलं होतं, ते आतून पुसलं तर लाल! म्हणून सांगतो, पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी टाकीचे गुडघ्याचे रबर काढून बघा, बॅजच्या मागे, टाकीच्या खाली, टूलबॉक्सच्या मागे, तिथे ऊनही पोचत नाही आणि पेंटरचा ब्रशही.

आणि वर्षावरून डोळे झाकून रंग ठरवू नका. ट्रायम्फचीच पहिली बोनव्हिल 1959 ची, केशरी आणि मोतिया राखाडी, ती लोकांना आवडली नाही म्हणून त्याच सीझनमध्ये निळी आली. लष्करी बीएसए एम20 मोटारसायकली तर सगळे सरसकट चकाचक ऑलिव्ह ग्रीन करतात, पण दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्या खाकी हिरव्या होत्या, 1942 च्या सुमारास हिरव्या पिगमेंटच्या टंचाईने तपकिरी झाल्या, ऑलिव्ह आला 1944 मध्ये. खरवडलं तर एकावर एक थर सापडतात, कांद्यासारखे.

पुढच्या रॅलीला काकांची गाडी आणतोय, अजून अर्धी काळी अर्धी लोखंडी आहे. फोटो काढायचाच तर नेसेलच्या आतला काढा.

आपला,
एक वाचक, पुणे