पाळकांच्या कपाटात काय आहे?

पाळकांसाठी, म्हणजे चर्चच्या ख्रिस्ती धर्मगुरूंसाठी, निघणारी बरीचशी नवी पुस्तके चाळली की उपस्थिती कशी वाढवावी, समिती कशी हाताळावी, वर्गणी कशी जमवावी, हेच समोर येते. व्यवस्थापन हवेच; पण मंडळी, म्हणजे चर्चमधला भाविकांचा समुदाय, ही काही कचेरी नव्हे.

पोप ग्रेगरी यांनी इ. स. ५९० च्या सुमारास पाळकांसाठी लिहिलेल्या ग्रंथाचा मोठा भाग एकाच प्रश्नाला दिला आहे : कोणाला कसे समजवावे? गरिबाला एक रीत, श्रीमंताला दुसरी. आनंदी माणसाला वेगळी, खिन्न माणसाला वेगळी. इंग्लंडमधले पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांचे १६५६ चे पुस्तक तर हिशेबच मांडते : ते आणि त्यांचे सहकारी सोमवार-मंगळवारी मिळून आठवड्याला १५-१६ कुटुंबांशी बोलत. (त्यांचा कडक सूर कधी कधी अंगावर येतो, हे खरे.)

आजाऱ्याच्या उशाशी किती वेळ बसावे, कधी गप्प राहावे? अंत्यविधीनंतर पंधरा दिवसांनी, नातलग पांगल्यावर, त्या घरी जाऊन काय बोलावे? मंडळीच्या कपाटातून मी आणलेल्या जाडजूड नेतृत्व-पुस्तकात याला जेमतेम दीड पान होते. अर्ध्यापुढची पाने तर कोरी करकरीत. तिथवर कोणी पोहोचलेच नव्हते!

— एक वाचक