विधेयक समितीकडे गेलं का, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अधिवेशन सुरू झालं की तुमच्या अंकाच्या पहिल्या पानावर संसद येते. कोण कोणावर बरसलं, कोण हौद्यात उतरलं, कामकाज किती वेळा तहकूब झालं, सगळं सविस्तर असतं. ते छापू नका असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी कोणतं विधेयक मांडलं गेलं आणि ते तपासणीसाठी खासदारांच्या समितीकडे गेलं की थेट मंजुरीला आलं, ही एक ओळ शोधूनही सापडत नाही. मला ती ओळ हवी असते, कारण माझं पोट कायद्याच्या शब्दांवर चालतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिते. उत्पन्नाचे दाखले, वारसनोंदी, निराधार योजनेचे अर्ज, आणि गेली बरीच वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज. जोडपत्र ‘अ’ भरायचं, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवायचं, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत विचारायचं. समोरचा माणूस आपली सगळी हकिकत सांगतो, भावकीच्या भांडणापासून. त्यातून नेमका कोणता कागद मागायचा ते काढणं हे माझं काम. ‘माझ्या घरकुलाचं काय झालं?’ असं लिहिलं तर काहीच हाती लागत नाही. ‘घरकुलाच्या प्रतीक्षा यादीची आणि ती मंजूर करणाऱ्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मिळावी’ असं लिहिलं की अधिकाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

माहिती अधिकाराचा हा कायदा दिल्लीत कसा तयार झाला ते वाचकांना माहीत असावं, म्हणून हे पत्र. २००२ साली संसदेने माहिती स्वातंत्र्याचा एक कायदा केला होता. दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो कधी लागूच झाला नाही, कारण अंमलाची तारीख ठरवणारी अधिसूचना सरकारने काढली नाही. मग डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत नवं विधेयक आलं. ते फक्त केंद्र सरकारच्या कार्यालयांपुरतं होतं. म्हणजे टपाल, रेल्वे, बँका वगैरे. तहसील, पंचायत समिती, तालुक्याचं पोलीस ठाणं त्यात नव्हतं. महाराष्ट्राला आणि गोव्याला स्वतःचा कायदा होता म्हणून आपलं काही अंशी भागलं असतं. शेजारच्या गुजरातेत तोही नव्हता.

ते विधेयक तसंच मंजूर झालं नाही. ते कार्मिक, लोक तक्रार, विधी व न्याय या खात्यांच्या संसदीय स्थायी समितीकडे गेलं. माहिती अधिकारासाठी झगडणाऱ्या संघटनांनी समितीपुढे म्हणणं मांडलं. मार्च २००५ मध्ये अहवाल आला: कायदा राज्यांनाही लागू करा. सरकारने ते मान्य करून आपल्याच विधेयकाला दुरुस्त्या आणल्या. ११ मे रोजी लोकसभेत आणि १२ मे रोजी राज्यसभेत ते मंजूर झालं. सभागृहांत एवढ्या लवकर झालं, कारण खरं काम आधीच होऊन गेलं होतं.

शाळेत आपण शिकतो की विधेयकाची तीन वाचनं होतात: मांडणी, मग चर्चा आणि कलमवार विचार, मग अंतिम मंजुरी, नंतर दुसरं सभागृह, मग राष्ट्रपती. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनाच्या मध्ये जी जागा आहे ती पुस्तकात एका ओळीत उरकतात. १९९३ पासून तिथे खात्यांशी संबंधित स्थायी समित्या आहेत. आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे मिळून. बैठक बंद दाराआड होते, कॅमेरे नसतात, त्यामुळे तिथे घोषणा देऊन कोणाला काही मिळत नाही. खात्याच्या सचिवाला बोलावून विचारता येतं की हा शब्द इथे कशासाठी घातला. बाहेरचे जाणकार, संघटना, साधे नागरिक निवेदन देऊ शकतात. आणि समितीत पक्षादेश चालत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सभागृहात पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. तेव्हा आपण निवडून दिलेल्या माणसाला स्वतःचं डोकं वापरून विधेयक वाचता येईल अशी जागा उरते ती हीच. समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, हे खरं. पण तो पटलावर येतो, छापला जातो, आणि सरकारने काय नाकारलं ते सगळ्यांना दिसतं.

आता त्याच कायद्याचं पुढे काय झालं ते पाहा. १९ जुलै २०१९ ला, शुक्रवारी, माहिती अधिकार दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. सोमवारी तिथे मंजूर, गुरुवारी राज्यसभेत मंजूर. माहिती नाकारली तर दुसरं अपील ज्यांच्यापुढे चालतं त्या माहिती आयुक्तांची मुदत, जी कायद्यानेच पाच वर्षं ठरलेली होती, आणि त्यांचे पगार ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला, राज्यांच्या आयुक्तांचासुद्धा. मे महिन्यात निवडणूक झालेली, स्थायी समित्या अजून नेमल्याच नव्हत्या. त्या सप्टेंबरात नेमल्या. राज्यसभेत ते प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीकडे, पाठवण्याचा प्रस्ताव आला होता. तो ७५ विरुद्ध ११७ मतांनी पडला.

दुसरी दुरुस्ती तर माहिती अधिकाराच्या नावाने आलीच नाही. ती वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या विधेयकात शेवटी, ४४ व्या कलमात होती. त्या विषयावरच्या २०१९ च्या विधेयकावर दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती दोन वर्षं बसली होती, पण सरकारने ते मागे घेतलं. नवं विधेयक ३ ऑगस्ट २०२३ ला मांडलं, ७ ला लोकसभेत आणि ९ ला राज्यसभेत मंजूर झालं. समितीकडे गेलं नाही. नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती लागू आहे. वैयक्तिक माहिती कधी नाकारता येईल याच्या अटी पूर्वी आठव्या कलमात होत्या, आणि त्यांच्या खाली एक वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. त्या अटी गेल्या आणि ते वाक्यही गेलं. आता नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण पुरतं.

हे कारण अधिकारी पूर्वीही द्यायचेच. एका विधवा बाईंनी गावातल्या घरकुल लाभार्थ्यांची यादी मागितली होती, तेव्हा एका कार्यालयाने हेच कळवलं. पहिल्या अपिलात मी ते वाक्य शब्दशः उतरवलं आणि खाली लिहिलं की आमदारांनी सभागृहात ही यादी मागितली तर आपण नाही म्हणाल का? यादी मिळाली. आज तसाच अर्ज आला तर सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणाऱ्या पोटकलमावर मला अवलंबून राहावं लागेल. ते पोटकलम अजून आहे, पण हित किती मोठं हे आधी त्याच कार्यालयातले अधिकारी तोलणार, जिथून नकार आलेला आहे. माणसाचा खासगीपणा जपला पाहिजे, मलाही ते पटतं. माझ्या टेबलावर लोकांचे आधार क्रमांक, आजारपणं, घरची भांडणं रोज येतात. म्हणूनच दोन हक्कांचा मेळ कसा घालायचा हे समितीत बसून, दोन्ही बाजू ऐकून ठरायला हवं होतं. चार-सहा दिवसांत ते कसं होणार?

हे एका कायद्यापुरतं नाही. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या आकडेवारीनुसार १५ व्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७ व्या लोकसभेत (२०१९-२४) १६ टक्के. समितीमुळे वेळ जातो असं म्हणतात. २००५ ला तीनेक महिने गेले आणि त्यातून देशभर चालणारा कायदा मिळाला. उलट शेतीचे तीन कायदे सप्टेंबर २०२० मध्ये समितीविना झाले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात, चर्चेविना, ते रद्द केले. मधलं वर्ष शेतकऱ्यांनी दिल्लीच्या सीमेवर काढलं. त्या कायद्यांच्या बाजूचे असोत की विरोधातले, वेळ वाचला असं कोणी म्हणू शकेल का?

नियमात आज एवढंच आहे की लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती विधेयक समितीकडे पाठवू शकतात. ‘पाठवतील’ असं नाही. माझी मागणी अशी की करविषयक आणि खरोखर तातडीची विधेयकं सोडून प्रत्येक विधेयक समितीकडे गेलंच पाहिजे, हवी तर तीन महिन्यांची मुदत घालून. आणि न पाठवायचं असेल तर कारण लेखी पटलावर ठेवावं. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार जातात. त्यांनी हा नियम बदलण्याची मागणी करावी. आणखी एक: समित्या सूचना मागवतात त्या जाहिरातीत निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत द्या असं असतं. खासदार सभागृहात मराठीत बोलू शकतात, मग नागरिकाचं मराठी निवेदन समितीला का चालू नये? हेही त्यांनी विचारावं.

तुम्हाला विनंती एवढीच, की अधिवेशनाच्या काळात रोज एक छोटी चौकट द्या: आज कोणती विधेयकं मांडली, कोणती समितीकडे गेली, कोणती न जाता मंजूर झाली, आणि कोणत्या समितीला कोणत्या तारखेपर्यंत निवेदन देता येईल. ती तारीख कळली तर आमच्या तालुक्यातल्या ज्यांना काही सांगायचं आहे त्यांचं म्हणणं मी हिंदीत लिहून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
एक अर्जलेखिका, जि. सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती.)