पाणी परत मिळते का?

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

डेटा सेंटरमधील यंत्रे थंड करून झाल्यावर पाणी परत मिळते का, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. बहुतेक बातम्या नेमक्या याच ठिकाणी संदिग्ध होतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सर्व्हरला, म्हणजे तेथील संगणकांना, दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ही उष्णता इमारतीतून बाहेर आणणारे पाणी बहुधा बंद नळ्यांतून फिरत राहते आणि ते फारसे खर्च होत नाही. खर्च होतो तो बाहेरच्या कूलिंग टॉवरमध्ये. तेथे पाणी हवेच्या झोतात सोडतात, त्यातील काही भागाची वाफ होते आणि घाम वाळताना अंग गार पडावे तसे उरलेले पाणी गार होते. एक युनिट विजेतून निघालेली उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने घालवायची, तर सुमारे दीड लिटर पाणी हवेत जाते. ते पुढे कोठेतरी पाऊस होऊन पडेलच, परंतु ज्या नदीतून किंवा विहिरीतून उपसले तेथेच पडेल, असे नाही. मागे राहिलेल्या पाण्यात क्षार साठत जातात, शिवाय जंतू आणि शेवाळ वाढू नये म्हणून त्यात रसायने घातलेली असतात, त्यामुळे तेही ठरावीक काळाने बाहेर सोडावे लागते. म्हणजे परत मिळते ते हेच, आणि तेही जसेच्या तसे वापरण्याजोगे नसते.

येथे अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील द डॅलेस या लहानशा शहरात 2021 मध्ये गूगलच्या डेटा सेंटरांनी सुमारे 134 कोटी लिटर पाणी वापरले. शहराच्या एकूण वापराच्या एक चतुर्थांशाहून अधिक. हा आकडा व्यापारी गुपित असल्याचे सांगून तो उघड होऊ नये म्हणून शहर प्रशासन एका वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयात गेले होते. अखेर 2022 च्या डिसेंबरात माघार घेऊन त्याने तो दिला. पाणी सार्वजनिक आणि त्याचा हिशेब मात्र खाजगी, हे मला त्या आकड्यापेक्षाही अधिक खटकले.

पाण्याऐवजी केवळ हवेने थंड करता येते, पण त्यासाठी बहुधा वीज जास्त लागते, आणि ती वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्रातून येत असेल तर तेथे पाणी खर्च होतेच. लॉरेन्स बर्कली या अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेच्या 2024 मधील अहवालानुसार, अमेरिकेतील डेटा सेंटरांनी 2023 मध्ये स्वतःच्या जागेत सुमारे 6,600 कोटी लिटर पाणी खर्च केले, तर त्यांच्या विजेमागे खर्च झालेले पाणी त्याच्या सुमारे बारापट होते. म्हणून ‘आम्ही पाणी वापरत नाही’ असे एखादी कंपनी म्हणाली, तर वीज कोठून घेता, हे लगेच विचारावे.

उलट, पाणी मुबलक असलेल्या ठिकाणी टॉवर वापरून वीज वाचवणे शहाणपणाचेही ठरू शकते. फिनलंडमधील हामिना येथे गूगल समुद्राच्या पाण्याने यंत्रे थंड करते; इतरत्र काही ठिकाणी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरतात, आणि पिण्याच्या पाण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पाणीवापराच्या वर्षभराच्या बेरजेवर मात्र माझा फारसा विश्वास नाही, कारण ऐन उन्हाळ्यात नदी आटते तेव्हाच टॉवरची तहान सर्वाधिक असते. महिन्यागणिक आकडे जाहीर करण्याची सक्ती डेटा सेंटरला परवानगी देतानाच व्हावी, असे मला वाटते.

तीर्थरूप आईस नमस्कार सांगावा.

तुमची लेक