आरओचे वाया जाणारे पाणी ड्रॅसिनाला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणीबचतीच्या सूचनांत ‘आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी कुंड्यांना घाला’ हे हमखास छापून येते. बोगनवेलीसारखी चिवट झाडे ते सोसतात. पण दिवाणखान्यांत आणि कार्यालयांत जागोजागी दिसणाऱ्या ड्रॅसिनाला ते बाधते.

मूळच्या मुख्यतः आफ्रिकेतल्या या झाडाला पाण्यात विरघळलेला फ्लोराइड हा क्षार चालत नाही. ते मुळांवाटे पाण्याबरोबर वर चढते. पानांतून पाणी उडून जाते आणि फ्लोराइड टोकांशी साठत राहते. टोक तपकिरी, कडक होते आणि त्याला लागून पिवळी कड दिसते. पाणी कमी पडले असे वाटून लोक तेच पाणी आणखी घालतात! आरओमध्ये चार लिटरांतून एक लिटर शुद्ध पाणी निघाले, तर फ्लोराइडसह जवळपास सगळे क्षार उरलेल्या, वाया जाणाऱ्या तीन लिटरांत येतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत तर काही ठिकाणी बोअरच्याच पाण्यात फ्लोराइड जास्त असते. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडतो, फ्लोराइड जात नाही. उकळले तर उलट दाट होते.

उपाय अवघड नाही. आठ इंची कुंडीत साधारण पाच लिटर माती मावते. तिच्यातून दहा लिटर पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी सावकाश सोडावे आणि बशीत उतरलेले लगेच फेकावे. ते परत शोषले गेले तर धुण्याचा उपयोग शून्य. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरण्याआधी धुऊन घ्यावे. सुपर फॉस्फेट हे खत टाळावे, त्यात फ्लोराइड असते. मूठभर गांडूळखत पुरते. जळलेले टोक पुन्हा हिरवे होत नाही. ते कापताना तपकिरी कड किंचित राखावी, हिरव्यात कात्री घालू नये.

खालची पाने भराभर पिवळी पडून खोड दाबल्यावर मऊ लागले, तर तो फ्लोराइडचा दोष नव्हे. पाणी जास्त होऊन मुळे कुजली आहेत. वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय पाणी देऊच नये. कुजलेल्या झाडाचे वरचे घट्ट खोड कापून जाड वाळूत लावले, तर ते वाचू शकते.

काचेच्या भांड्यातला ‘लकी बांबू’ हासुद्धा बांबू नसून ड्रॅसिनाच आहे. त्यालाही शुद्ध पाणीच द्यावे आणि आठवड्याला बदलावे.

आपल्या दैनिकात ही सूचना पुन्हा छापताना ‘ड्रॅसिना व स्पायडर प्लांट वगळून’ एवढे शब्द जोडावेत, ही विनंती; स्पायडर प्लांटलाही फ्लोराइड बाधते. आरओचे वाया जाणारे पाणी फरशी पुसायला आणि संडासात ओतायला उत्तम.

– कुंडीतल्या झाडांचा एक अभ्यासक, पुणे