रुमालाच्या कोपऱ्यातले दोन वायसर

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

परवा परभणीत शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा प्रयोग झाला. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात रुमाल पडला आणि मागच्या रांगेतून एका आजींचा आवाज आला, "अगं, उचल की!" त्या आवाजासाठी हे पत्र.

तुमच्या आधी दोन मार्गदर्शक येऊन गेले. शाल-श्रीफळ झालं, मानधन झालं. शिकवलं काय, तर ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय पेरणाऱ्या इयागोने डोळे बारीक करायचे, हात चोळायचे, ऑथेल्लोची पाठ वळली की हसायचं. असं केलं की ऑथेल्लो नुसता मूर्ख दिसतो. तुम्ही आल्या-आल्या ते हसू काढून टाकलंत. ज्याला सगळे 'प्रामाणिक इयागो' म्हणतात, तो कळलाव्या दिसलाच नाही पाहिजे. तुम्ही त्याला ऑथेल्लोच्या बाजूला अर्ध्या पावलावर उभं केलंत, हातात कागद दिलात. ऑथेल्लो त्याच्या हाताखालच्या कॅसिओबद्दल विचारतो, "प्रामाणिक नाही का तो?" इयागोने फक्त "प्रामाणिक?" म्हणायचं आणि मनात तीन आकडे मोजायचे. घाईने बोलला तर ती साधी चुगली. थांबला, की तेवढ्या वेळात ऑथेल्लो स्वतःच नको ते जोडत जातो.

पण रुमाल! तो एकेरी रेशमाचा, पंख्याच्या वाऱ्याने विंगेत उडायचा. म्हणून आधीच्यांनी ऑथेल्लोच्या बायकोच्या, डेस्डिमोनाच्या कमरेला खोचून तिथून गळू द्यायला सांगितलं होतं. तुम्ही संहिताच उघडलीत. ऑथेल्लोचं डोकं दुखतंय म्हणून ती रुमाल बांधायला जाते आणि 'फार लहान आहे' म्हणत तोच तो दूर करतो. कमरेतून गळला तर ती वेंधळी ठरते. ज्या रुमालापायी तो पुढे तिचा जीव घेतो, तो त्याच्याच हाताने पडलाय, हे शेवटच्या रांगेलाही दिसलं पाहिजे.

मग तुम्ही खाली सतरंजीवर बसलात. दुहेरी मलमलीचा चौदा इंची चौकोन, लांबून दिसावीत म्हणून दोन-दोन इंचांची लाल स्ट्रॉबेरी. लाइटवाल्या पोराला "अहो दादा, दोन बारीक वायसर मिळतील का?" विचारलंत आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत दुमडून स्वतः शिवलेत. रुमाल सरळ खाली आला. फळीवर हलकासा 'ठप्प' झाला. तालमीत कुणी बोललं नाही.

त्या पोराला आमच्यापैकी कुणीच कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. आता सगळे म्हणतात. विद्वान पुष्कळ भेटतात बाई, सुई हातात घेणारे थोडे.

नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये 'झुंझारराव' करून ही गोष्ट मराठीत रुळवली. आपल्या बायाबापड्यांना हा संशय परका नाही, म्हणून तर आजींना राहवलं नाही. इयागोच्या बायकोने, एमिलियाने रुमाल उचलून इयागोला दिला, तेव्हा त्या पुन्हा बोलल्या, "त्याला नको देऊ गं."

रुमाल धुऊन ठेवलाय. वायसर काढले नाहीत, गंजू नयेत म्हणून लगेच उन्हात वाळवला. पुढच्या प्रयोगाला नक्की या. तुम्हाला मागेच बसायला आवडतं, तिथली खुर्ची राखून ठेवतो.

आपले,
नाटकाच्या गटातले सगळे