केसपेपरवर एक शिक्का हवा

संपादक महाशय,

बेस्टमध्ये ३१ वर्षे कंडक्टरकी केली. सिगारेट त्याच्याही आधीची. इतक्या वर्षांत डॉक्टर बरेच झाले. प्रत्येकाने ‘ओढता का?’ विचारलं, मी ‘हो’ म्हणालो, ते कागदावर काहीतरी खरडून ‘बंद करा हं’ म्हणाले आणि पुढचा पेशंट आत. एकाने एक्स-रे दिव्यासमोर धरून असा उसासा टाकला, की मी बाहेर येऊन आधी टपरी गाठली! त्यांना तरी काय बोलणार, ओपीडीची रांग जिन्यापर्यंत.

माझी सुटली ती श्वासाचा पंप कसा ओढायचा हे शिकवणाऱ्या एका सिस्टरमुळे. त्यांनी विचारलं, ‘सकाळी उठल्यावर पहिली कधी?’ म्हटलं, तोंड धुवायच्या आधी. ‘मग शरीरालाच निकोटिनची सवय लागलीय, नुसत्या निश्चयाने नाही सुटायची तुमची.’ घरचे आजवर मनाचा कमकुवतपणाच म्हणत आले होते, त्यामुळे हे ऐकून बरंच वाटलं.

निकोटिन गम मी आधी खाल्ला होता, केमिस्टकडून घेतलेला २ मिलिग्रॅमचा. साध्या च्युइंगमसारखा चघळायचो, वर कटिंग. उचकी लागायची, तलफ तशीच. सिस्टरनी डॉक्टरांकडून ४ मिलिग्रॅमचा लिहून घेतला (तो चिठ्ठीशिवाय मिळत नाही) आणि खायचा कसा ते दाखवलं. सावकाश चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, त्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. आधी १५ मिनिटं चहा नाही. सोडायची तारीख विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची ठरली. लालबागकराला त्याआधीची जमलीच नसती. आठवड्याने त्यांचा फोन आला. त्या दिवशी खिशात एक सिगारेट होती, ती फोन ठेवल्यावर मोरीत टाकली.

सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा व्यसन सोडण्यासाठी सल्ला देणारा मोफत नंबर छापलेला असतो. पण एकेक सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतं कुठे? राज्याने २०२० साली सुट्या विक्रीवर बंदी घातली, तरी टपरीवर दोरीला बांधलेला लायटर आहे तिथेच आहे. मग तोच नंबर दवाखान्यांनी केसपेपरवर शिक्क्याने का उमटवू नये? रबरी शिक्क्याला असे कितीसे पैसे लागतात? आमच्या विभागातल्या दवाखान्यांना मी स्वखर्चाने करून द्यायला तयार आहे.

– एक निवृत्त कंडक्टर, लालबाग, मुंबई